परतीचं वजन

टेबलावर नकाशा पसरलाय. चार कोपऱ्यांवर
मिठाची बाटली, काडतुसांची डबी, टोबिनचा मग
आणि विजेचं न भरलेलं बिल.
लाकडाच्या गिरणीत या महिन्यापासून तीनच दिवस काम,
त्यामुळे जे ठरवायचं ते तीनशे दहा डॉलरच्या आत.

परवान्याचे पैसे भरून झालेत.
ट्रक डीकचा. टाकी भरून परत करायचा,
वर एक मागची तंगडी, मिळालीच तर.
तंबू नाही. निळी ताडपत्री आहे;
गेला हिवाळाभर सरपणावर होती,
झटकली की अजून सालपटं पडतात.
तांदूळ, राजमा, ओट,
आर्डिथने ओव्हनमध्ये वाळवलेली सफरचंदं.
बंदूक बाबांची. तिला खर्च नाही.

टोबिन एकोणीस वर्षांचा. बहिणीचा शेंडेफळ.
त्याचं बोट नदी ओलांडतं, खिंड ओलांडतं,
आणि थांबतं तिथे, जिथे उंचीच्या रेषा
म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांसारख्या
एकमेकींना चिकटल्यात.
"इथे कुणीच जात नाही, मामा. नऊ मैल फक्त."

खरंय पोराचं. कुणीच जात नाही.

मी पेन्सिल घेतो. बिलाच्या पाठीवर मांडतो:
एल्क म्हणजे घोड्याएवढं जनावर.
हाडं काढून, कातडं सोडून
दोनशे पौंड मांस धर.
एका खेपेला पाठीवर पन्नास. आपण दोघं.
म्हणजे दोनदा बाहेर, मधे एकदा रिकामं आत.
नऊ त्रिक सत्तावीस.
आणि सप्टेंबरातली दुपार कुणासाठी थांबत नाही.

"पण मामा, अजून मारलाय कुठे?"
तेही खरं. तुरी अजून बाजारातच आहेत.
पण हिशेब तिथूनच सुरू करायचा असतो, शेवटाकडून.

बाबा एकदा त्याच खिंडीपलीकडे गेले होते. एकटे.
पहिल्या दिवशी गोळी लागली,
दुसऱ्या दिवशी दोन खेपा आल्या.
तिसऱ्या दिवशी वारा फिरला, गरम झाला.
चौथ्या दिवशी ते परत पोचले तेव्हा
डोमकावळे आधीच जेवायला बसले होते.
घरी येऊन त्यांनी बंदूक गॅरेजातल्या खिळ्यांवर ठेवली.
बोलले काहीच नाहीत.
फक्त तेव्हापासून ताट पावाने पुसून खायचे,
शेवटचा थेंबसुद्धा,
आणि आमच्या ताटांकडे बघत राहायचे.

हे मी टोबिनला सांगितलं नाही.
आर्डिथच्या डब्यातला दोरा घेतला,
रस्त्याच्या वळणापासून तीन मैल मोजला,
एक टोक धरून दुसऱ्याने गोल फिरवला.
"या आतच."
त्याचा चेहरा पडला. गोलात माणसं जास्त,
एल्क कमी, एक तर गुरांचं कुरण आहे चक्क.

रविवारी शाळेच्या मैदानावर गेलो.
जुन्या लष्करी चौकटीला कोंबडीखाद्याचं पोतं बांधलं, पन्नास पौंडी,
आणि त्याला पायऱ्यांवर सोडलं. वर, खाली.
मी खाली बसून मोजत होतो, गुडघा चोळत.
सातव्या फेरीला शिव्या. अकराव्याला शांतता.
चौदाव्याला तो पोत्यासकट आडवा झाला
आणि आभाळाला म्हणाला,
"तीन मैल म्हणजे तसं बरंच लांब असतं."

मांस गुंडाळायच्या पिशव्या दुकानात साठ डॉलर.
ते आकडे बघून मी यादी घडी करून ठेवली होती.
आर्डिथने काही विचारलं नाही.
माझ्या आईच्या उशांचे अभ्रे काढले पेटीतून,
सुती, आठ, कडेला निळी फुलं भरलेली;
उकळत्या पाण्यातून काढले, तोंडाला नाड्या शिवल्या.
"फुलं उसवू का?" तिने विचारलं.
मी म्हणालो, राहू देत.

आत्ता ते मागच्या दोरीवर वाळतायत.
डोंगराकडून वारा येतो,
एकेक अभ्रा फुगतो, जड झाल्यासारखा वाटतो,
मग पुन्हा चपटा.
टोबिन खिडकीशी उभा राहून
ओठांत काहीतरी मोजतोय.