आठ झगे, एक जखम

नाव सांगता येणार नाही त्याचं,
करारावर सही केलीय.
पण तुम्ही ओळखालच:
रात्री गच्च्यांवरून हिंडणारा, मुखवट्यातला,
गुन्ह्याचा माग काढणारा तो,
ज्याला आपण वहीच्या मागच्या पानावर गिरवलं.

तेव्हा त्याचा झगा निळाभोर होता.
पडला, झडला, नदीतून वर आला
तरी इस्त्री कायम.

आता तो नव्याने येतोय, काळवंडून.
ब्रॅडफर्डच्या जुन्या लोकरगिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर, माझं काम एवढंच:
कोरे कपडे जुने करणं.
खरकागद, किसणी, चहाचं पाणी,
कोळशाची भुकटी.
मावशी फोनवर म्हणाली,
"चांगली धडुती फाडायचे पैसे देतात तुला?"
देतात, मावशी. तासावर.

दिग्दर्शक येऊन गेला, बारीक आवाजाचा पोरगा.
म्हणाला, या खेपेला तो जिंकत नाही, शोधतो.
दोन वर्षं झोपलेला नाही,
आणि ते कापडावर दिसलं पाहिजे.
डोरीन अ‍ॅकरॉयडने तोंडातल्या टाचण्या काढल्या:
"न झोपलेल्या माणसाचं कोपर
नेमकं कसं असतं, बाळा?"
तो हसला नाही.
वहीत लिहून घेतलं त्याने.

आठ झगे.
एक नुसतं उभं राहायला, एक उडीला,
एक जळायला, दोन भिजायला,
उरलेले काही बिघडलंच तर.
आठांवर तीच जखम,
डाव्या बरगडीखाली चार बोटं,
धागे मोजून, फोटोशी ताडून.
जखम एकदा होते, कशीही होते.
तीच पुन्हा करायची
तर माप लागतं.

मग टाके.
संहितेत होतं: घरी कुणी नाही, स्वतःच शिवतो.
मी शिवलं. सुबक आलं.
डोरीनने उजेडात धरलं आणि उसवलं.
"याला कुणीतरी आहे," म्हणाली,
"हे कुणीतरी शिवून दिलंय."

इचलकरंजीत हवालदार होते वडील.
आई गेल्यावर
खाकी शर्टाला बटणं लावायचे पांढऱ्या दोऱ्याने,
गाठ न मारता.
सूतगिरणीमागच्या त्या मुलीचा तपास लागला नाही.
फाईल बंद झाली.
ते रविवारी सायकल काढून
तिकडेच जायचे, काही न सांगता,
आणि संध्याकाळपर्यंत एक बटण गळालेलं असायचं.

मी दिवे मालवले.
दारावरच्या हिरव्या पाटीचा तेवढा उजेड.
डाव्या हाताने शिवलं,
गाठ न मारता, आठ वेळा.
डोरीन काही बोलली नाही.
चहा ठेवला माझ्यापुढे, प्यायचा.

शूटिंग टाउन हॉलजवळ, नोव्हेंबरात.
आमच्या रस्त्यावर पिवळ्या टॅक्सी, परक्या नंबरप्लेटी.
खरा पाऊस होताच,
पण तो कॅमेऱ्यात दिसत नाही
म्हणून टँकरचा सोडला.
कठड्यापलीकडे बापाच्या खांद्यावरून
एक पोरगं ओरडलं,
"हा तो नव्हे! हा आजारी आहे!"
मुखवट्याने मान वळवली क्षणभर.
आतला नट होता की तो,
सांगता यायचं नाही.

पिक्चर लागला तेव्हा आम्ही दोघी गेलो,
मधल्या रांगेत.
तो प्रसंग आला: तळघर, सुई, तो.
त्यांनी इतका अंधार ओतला होता नंतर
की टाके दिसलेच नाहीत.
एक कोपर हललं. श्वास ऐकू आला.
माझ्या शेजारी कुणीतरी पॉपकॉर्न खायचं थांबलं.
"आहेत तिथे," डोरीन पुटपुटली.

नावं शेवटी येतात, दिवे लागल्यावर,
स्टंटवाल्यांच्या, जेवणवाल्यांच्याही नंतर.
माझ्या ढोबळेमधला 'एच' गळाला होता.
झाडूवाला आमच्या रांगेपाशी थांबून राहिला.
पाय उचलले आम्ही,
पण उठलो नाही.