तीट

लॅम रोडला, बेकरीच्या डोक्यावर माझं दुकान.
दोन मशिनी, एक पिको,
आणि खुंट्यांवर लटकलेली लोकांची लग्नं.

इक्बाल कौर जिना चढून आल्या,
स्टुलावर टेकल्या, श्वास येईपर्यंत पंख्याकडे बघत राहिल्या.
मग औषधांच्या पिशवीतून घडी काढली:
"काकडेबाई, कात्री लांब ठेव. आधी बघ."

बघितलं.
विटेच्या रंगाचं जाडंभरडं सूत
आणि त्यावर एवढं रेशीम, की सूत दिसायला
बोटानं पाकळी बाजूला सारावी लागली.
इकडून सोनेरी. मान कलती केली तर हळदी.
बावीस वर्षं मी सुरतेच्या मशीनची फुलं शिवतेय,
एकाही फुलानं कधी मला मान वळवायला लावली नव्हती.

"फुलकारी. माझ्या नानीच्या हातची.
वैशाखात नातीचं लग्न आहे, डोक्यावर हीच घेणार.
फक्त हा कोपरा राहिलाय."

राहिला होता. वीतभर.
का, ते मी विचारलं नाही.
माझ्याही कपाटात हुक न लावलेले ब्लाउज आहेत.

तीन संध्याकाळी घातलं तेवढं उसवलं.
पाकळ्या पडायच्या मेल्यासारख्या.
चौथ्या दिवशी कापड टेबलावरून घसरलं, पालथं पडलं,
आणि मागे दिसले मोहरीएवढे ठिपके,
ओळीनं, गाठ एकही नाही.
बाई मागून भरत होती!
फूल त्या अंगाला, ती या अंगाला.
डोळ्यांपुढे नुसतं सूत:
पाच सोड, एक उचल. पाच सोड, एक उचल.

रेशीम मेन रोडला मिळेना.
सगळे दाखवायचे पिळाचं, चकचकीत, प्लास्टिकच्या रिळावर.
एसटीनं येवला गाठलं.
पांडुरंगसांनी मागावरून उठून
बिनपिळाची एक लड माझ्या गालाला लावली,
"हे चालेल? अजून झोपेत आहे बघा."
तोळ्यावर मोजून पैसे घेतले,
सुटे नव्हते म्हणून वर आवळासुपारी दिली.

नक्षी जुळवायला सगळं कापड मोजत गेले
तेव्हा सापडली ती.
हजारभर सोनेरीत एकच जांभळी पाकळी.
म्हटलं, दोरा संपला असेल बिचारीचा.
उसवणी हातात घेतली, मग ठेवली, फोन लावला.
त्या हसल्या. "नको गं! ती नजरेसाठी.
एवढं सुंदर, एखादी खोट नको का?"
"म्हणजे तीट."
"टीट क्या?"
सांगितलं: न्हाऊमाखू घातलेल्या बाळाच्या गालावर
आई बोटानं काजळ लावते ते.
पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
मग हळूच, जिभेवर ठेवून बघितल्यासारखं,
"हां. तीट."

कोपरा भरला. मागूनच.
पाच, एक, पाच, एक, मराठीत मोजत.
शेवटचा टाका टाकेपर्यंत उलटून बघितलं नाही,
आणि बघितलं तेव्हा रात्रीचे अकरा,
खालच्या बेकरीत उद्याच्या पावाची कणीक आपटत होते.

चष्मा लावून त्यांनी तळहात फिरवला.
सावकाश. नख चालत आलं, आलं,
आणि थांबलं.
"इथून तू."

मी खाली बघितलं. माझा हात जरा आवळ आहे,
सासूबाईही म्हणायच्या.
"राहू दे," त्या म्हणाल्या. पैसे मोजले.
उरलेली लड कागदात गुंडाळून
औषधांच्या पिशवीत टाकू लागल्या, थबकल्या,
परत माझ्या टेबलावर ठेवली.
"नातीला मुलगी झाली, की नवी घालायला घे.
मी असेन, नसेन."

जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी.

मापाच्या वहीत मी नाव लिहिलं, इक्बाल कौर.
माप नाही.
अनामत: रेशीम, अर्धा तोळा.
द्यायची तारीख
मोकळी.