शेपटीची जागा

बंदीच्या महिन्यात सर्जेकोटला होड्या वर ओढल्या
आणि बाबलने पेटी उघडली.
एकोणीस वर्षं बोटीच्या इंजिनात काढून
या माणसाने आणलं काय, तर दगड.
चार तुकडे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं.
पडवीत जुळवून ठेवले तेव्हा दिसलं:
सव्वापाच फूट मासा.

मी विचारलं, केवढ्याक घेतलस?
म्हणाला, भाव करूक तू खंय होतंस!

पस्तीस वर्षं मी मालवणच्या बाजारात बसले.
इसवण, सरंगा, घोळ, मोरी,
अंधारातही कापून देईन,
काट्याला मांस राहणार नाही.
याला आमच्या बाजारात नाव नाही.
जबडा इसवणीहून रागीट,
दात सुटे सुटे, मोडक्या वईसारखे.
खवले मात्र ओळखीचे.
जन्मभर हातांना चिकटले तेच,
फक्त हे कोयतीने उडवायचे नव्हते.
एकेक शोधायचा
आणि असेल तिथेच राहू द्यायचा.

कुडाळच्या दंतवैद्याने टाकून दिलेले आकडे,
रंगाचा मऊ ब्रश, नातवाचा सायकलपंप धूळ उडवायला.
तोंडाला जुन्या लुगड्याचा पदर बांधून
दिवसाला चार बोटं.
बाबलला घाई. त्याच्या हाताला पान्याची सवय.
एकदा कल्ल्याशी टकदिशी मारलं
आणि सुईएवढा काटा उडाला तो गेलाच,
केरातसुद्धा मिळाला नाही.
मग मी आकडा काढून घेतला.
तो बल्ब धरून बसू लागला.

दमट हवेत डिंक वाळेना,
म्हणून रात्रभर साठचा बल्ब माशाच्या पोटाखाली.
शेजारची फुलाबाय डोकावून म्हणाली,
अंडी उबवतास काय गो?
मांजर आलं, डोक्यापासून पोटापर्यंत हुंगत गेलं,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं गिऱ्हाईक बघतं, वजनात मारल्यावर.

शेपटीपाशी पोचायला जुलै सरला.
फार देखणी होती. दोन्ही पाती अगदी सारखी.
तिथेच माझ्या मनात आलं.
शिळ्या माशाचे कल्ले लाल करून आणणारे
आमच्या धंद्यातही आहेत.
मी बोट ओलं करते, कल्ला पुसते,
बोट त्यांना दाखवते, बोलत नाही.
तेच बोट शेपटीवर फिरवलं.
तपकिरी रंग सुटला.
खाली पांढरं प्लास्टर.

बाबल पायरीवर जाऊन बसला.
बिडी काढली, पेटवली नाही.
मी म्हटलं, बाकीचो खरो आसा.
जबडो खरो, कणो खरो, खवलो न् खवलो खरो.
म्हणाला, शेपटी नसलेलो मासो घरात कोण लावता?
मी लावतंय, म्हटलं.

पास्कू मेस्त मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या घेऊन आला.
चिऱ्याच्या भिंतीत एवढं वजन ठरायचं नाही,
म्हणून खाली वांकांची बैठक, पितळी स्क्रू.
खारा वारा लोखंड ठेवत नाही.
फळीला अजून उंडेलाचा वास होता.
करवत टेकवून त्याने विचारलं, खंयसर कापू?
मी कण्यावर अंगठा ठेवला,
मणका मणका मोजत शेवटपर्यंत गेले
आणि तिथे थांबले नाही.
दीड वीत आणखी. वर चार बोटं.
एवढं अंग ढकलायचं तर एवढी लागणारच.
खडूने रेघ मारली. हयसर.

आता माणसं येतात, चहा घेतात,
डोक्याकडून बघत बघत
कोऱ्या फळीपाशी पोचतात.
बाबल बंदराची, दलालाची गोष्ट सांगतो,
दर वेळी दलाल थोडा उंच होतो.
मी आत भांडी विसळत असते.

प्लास्टरची शेपटी फेकवली नाही.
मागच्या दाराला पाचर म्हणून लावली आहे.
दुपारी खाडीकडून वारा भरला
की दार तिला रेटतं,
आणि ती थोडी हलते.