परतीचा फेरा

उद्यमबागेतनं कास्टिंग भरलं, अकरा टन,
चार साखळ्या, दोन बेल्ट.
कळंत्रेशेठचा फोन: आठला माल पुण्यात.

तवंदी घाटाआधी थांबतो.
भरमा टॉमीनं साखळी ठोकतो,
मी कान देतो.
ताणलेली ठण् म्हणते,
ढिली नुसती खडखडते.
हे हुक्केरीच्या मल्लाप्पानं शिकवलं,
त्यानं कन्नडमधनं, मला कळलं मराठीतनं.

कोगनोळीपुढं पाट्यांची अक्षरं बदलतात.
कास्टिंग आहे तसंच.

येताना रिकामा.
रिकामी गाडी जास्त उडते,
साखळ्या पेटीत बडबडतात.
यमकनमर्डीला एक म्हातारा हात करतो,
काखेत बोकड.
"मागं बसतो की."
मागं धरायला काही नाही, काका.
केबिनचं दार उघडतो.

बोकड भरमाच्या मांडीवर झोपतं.
महिनाभरात पावतीशिवायचं
हे एकच ओझं.