सहा राहिले

मशीन तापायला चार मिनिटं लागतात,
तेवढ्यात मी फॉर्म भरून घेते.
नाव? मोनाप्पा.
वय? तो बायकोकडं बघतो.
'लिवा बावन्न,' यमुनाक्का म्हणते,
'आता वय बी इसरूलालाय.'
काम? 'खाणीवर राखण.'
म्हणजे तो जांबोटीच्या अलीकडचा लाल डोंगर,
रोज चाळीस डंपर भरतात त्यातनं,
आणि पायथ्याच्या शाळेत
फळा पुसला तरी हात लाल होतात.

तीन वर्षांमागं रात्री दोन टोळ्या आल्या.
ठेका कुणाचा, एवढंच ठरवायचं होतं त्यांना.
बंदूक परवान्याची. रानडुकरं हाकायला घेतलेली.
सतरा छर्रे.
बेळगावात अकरा काढले,
सहा हाडाला धरून आहेत, राहू देत म्हणाले.

श्वास धरा, मी म्हणते.
मग सवयीनं कन्नडात, उसिरु हिडीरी.
तो दोन्ही भाषांत धरतो.
उसिरु बिडरी.
सोडायचं विसरतो.

फिल्मवर सहा पांढरे ठिपके.
चार तसेच, जिथल्या तिथं.
खुब्याच्या सांध्यातले दोन मागच्या वेळी वाटाण्यासारखे गोल होते,
आता त्यांच्या कडा सुटल्यात,
भोवती दुधाळ धूर.
शिसं.
सांध्याच्या पाण्यात मुरतं, रक्तात उतरतं,
मग पोटात कळ, मनगट लुळं,
हिरडीवर निळी रेघ,
आणि जेवलो का नाही ते आठवत नाही.
डॉक्टर हिरेमठांनी रक्त बेंगळूरला पाठवलंय.
रिपोर्टला बारा दिवस.

'धाकटी अकराची हाय,' यमुनाक्का हळूच म्हणते,
'लग्नाच्या वरातीत फटाका वाजला
की अंथरूण भिजवत्या अजून.
तिचा बी फोटू काढला तर
दिसंल काय कायतरी?'

मी कॅसेट पुसत राहते.

बाहेरून डंपर जातो.
खिडकीची काच, ट्रेमधली कात्री, मोनाप्पाची बोटं
थरथरतात.
काच थांबते.
कात्री थांबते.

फिल्म पिशवीत सरकवताना ती म्हणते,
'डोंगरातलं समदं निघालं बघा.
ह्याच्यातलं तेवढं निघंना.'

रजिस्टरात 'कारण' हा रकाना
अर्ध्या बोटाएवढा आहे.
मी लिहिते, जुनं.
तेवढंच मावतं.