शेवटचे दोन अर्धविराम

फाईल रन्नवाने दिली.
अकरा वर्षं ती बंदराच्या कचेरीत
जुन्या नोंदवह्या टाईप करत होती,
जेवणाच्या सुट्टीत, कुणी न सांगता.
सहा रकाने: बोट, तांडेल, माणसं किती,
निघाले कधी, परतले कधी, शेरा.
दोन रकान्यांमध्ये एकेक अर्धविराम,
टाका घालावा तसा, जपून.
"तुझ्या त्या जावाला वाचायला दे, बिर्ना," म्हणाली
आणि ओला कोट झटकत निघून गेली.

मी आधी घाई केली.
अख्खी फाईल एका घोटात गिळली
तर आमच्या बेटाच्याच नावात प्रश्नचिन्ह!
आमच्या फॅरो भाषेत एक अक्षर आहे,
लिहितात, पण बोलताना गिळतात.
कुठल्या लिपीसंकेतात वाचायचं
हे मशीनला सांगायचं मी विसरले होते.
सांगितलं. अक्षर परत आलं,
नेहमीसारखं गप्प.

मग एकेक ओळ.
ओळ घ्यायची, नल नाही ना बघायचं
(फाईल संपली की ओळीच्या जागी नल येतो,
त्याच्यावर सुरी चालवली की सगळंच कोसळतं),
मगच अर्धविरामावर चिरायची.
आणि फाईल उघडतानाच अशी उघडायची
की मध्येच काही बिनसलं
तरी दार आपलं आपण लागेल.
हे सगळं केलं. एवढं शिकलेली आहे मी.

तरी चारशे बाराव्या ओळीवर प्रोग्रॅम आडवा.
पाचवा तुकडा मागितलास, आहेत चारच.

रात्रीचे अकरा, जूनचा उजेड.
रन्नवाला फोन लावला:
"एक ओळ अर्धवट राहिलीय तुझी."
ती जरा वेळ बोलली नाही.
"अर्धवट नाही. नीट वाच."

वाचली.
रीतान;साकारिस;९;२ मार्च;;
शेवटी दोन अर्धविराम
आणि त्यांच्यापुढे समास.

स्प्लिटची ही खोड मला ठाऊक नव्हती.
मधली रिकामी जागा तो ठेवतो.
तांडेलाचं नाव माहीत नसेल तर चालतं,
पुढे काहीतरी आहे ना.
पण शेवटच्या रिकाम्या जागा
फोलपटं समजून पाखडून टाकतो.
मी त्याला कोरी ओळ देऊन बघितली:
एक तुकडा, कोरा.
नुसत्या अर्धविरामांची दिली:
हाती काहीच नाही.
ज्याने काही लिहिलंच नाही त्याला एक,
ज्याने जागा राखून ठेवली त्याला शून्य.

उपाय बोटभर.
चिरायच्या हुकमात आणखी एक आकडा: उणे एक.
म्हणजे, काहीही टाकू नकोस.
लिहिला. चालवला.
सहा. सहा. सहा. सहा.
पाचवा रकाना रिकामा असलेल्या ओळी मोजल्या,
एकतीस निघाल्या.
पुन्हा मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रन्नवा आली, खुर्ची ओढून बसली,
पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनांवरून
तिने बोट फिरवलं,
काच पुसावी तसं.
मला वाटलं आता काही म्हणेल.
ती म्हणाली, "ही एक ओळ सातची कशी?"

खरंच, एक ओळ सातची.
शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाने
शेऱ्यात स्वतःचा एक अर्धविराम वापरला होता,
आणि रन्नवाने तो तसाच उतरवला.
"मी कोण काढणारी?" म्हणाली.

मग मी उणे एक पुसला, सहा लिहिला.
सहाव्यापुढे चिरू नकोस;
रिकामं असलं तरी ठेव,
भरलेलं असलं तर अख्खं ठेव.

चालवला. शेरा सलग आला:
वाट पाहिली; पाहत आहोत.