दार उघडून

व्हर्ना ह्रिट्सॅकची पिवळी बस
रोज सात पन्नासला त्या फाटकाशी थांबायची.
फाटक आपलं नावाला.
दांडा नाही, दिवा नाही, घंटा नाही,
खांबावर दोन फळ्यांची फुली
आणि दोन्हीकडे सस्काचेवानची सपाट शेतं,
नजर संपेपर्यंत बर्फ.

ती ब्रेक ओढायची.
पंखा बंद, रेडिओ बंद.
हात वर करायची, की आम्ही गप्प.
मग खिडकी खाली, मग दार सताड.
उणे एकतीसची हवा पायऱ्या चढून आत यायची
आणि थेट आमच्या मोज्यांत शिरायची.

"कुण्णी येत नाहीये!" मागून डॅरिल ओरडायचा.
खरंच होतं त्याचं. त्या वेळेला
एकदाही गाडी आली नव्हती.
ती म्हणायची, "येत नाहीये, तेच ऐकतेय,"
आणि दार लावायची.

मधल्या सुट्टीत आम्ही बर्फात रूळ ओढायचो,
कानामागे तळवा धरून व्हर्ना व्हायचो.
खेळात गाडी नेहमी यायची.

आता मी गव्हाचा ट्रक चालवतो.
भरला असला, की थांबणं जिवावर येतं:
सगळे गिअर पुन्हा पहिल्यापासून,
आणि तिकडे कोठारापाशी रांग वाढत असते.
फाटक तेच आहे. पूर्वेला फक्त
रेम्पेलनं पत्र्याच्या चार कणग्या उभ्या केल्यात,
नेमक्या नजरेच्या आड.

परवा उशीर झाला होता.
खोटं कशाला बोलू, पाय ब्रेकवर नव्हता.
या वेळेला गाडी नसते, एवढं पुरलं होतं मला.
तेवढ्यात पोटऱ्यांना गार लागलं.
हीटर चालू, दार बंद,
तरी पोटऱ्यांना गार.

थांबलो. काच खाली केली.
वारा पश्चिमेचा, सगळे आवाज पळवून नेणारा.
काहीच ऐकू आलं नाही.
पण "येत नाहीये" हेही ऐकू आलं नाही.

मग कणग्यांमागून ती निघाली.
पोटॅशचे एकशे बावन्न डबे. मोजले मी,
दुसरं काही सुचत नव्हतं.
इंजिनाच्या खिडकीत एक दाढीवाला,
माझ्याकडे बघत, भोंग्यावर हात दाबून धरलेला.
त्याला थांबायचं तर दोन किलोमीटर लागले असते.
मला एक तळपाय पुरला.

शेवटचा डबा गेला तरी
मी दार उघडं टाकून बसून होतो.
मागचा पिकअप हॉर्न वाजवायला लागला.
मी हात वर केला.
तो काही गप्प बसला नाही.